थंडीत उमगणारी सिंफनी

"रशियन सिंफनीतलं दुःख थंडीतच खरं उमगतं," असं म्हणत सरांनी रेकॉर्ड प्लेअर माझ्या काउंटरवर ठेवला. सोबत विसाव्या शतकातल्या एका रशियन संगीतकाराच्या सिंफनींचा बॉक्स. सिंफनी म्हणजे शंभरेक वादकांनी मिळून वाजवायची लांबलचक रचना. वारूळवाडीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एरवी जत्रांचे ॲम्प्लिफायर येतात.

सर जुन्नरचे, कॉलेजातून रिटायर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली.

"रोज सहाला लावतो. आठला संपलं की जेवतो. हल्ली प्लेअर मध्येच अडखळतो."

रेकॉर्ड लावली. शेजारच्या गॅरेजमधला दत्तू डोकावला.

"भाऊ, कोन गेलं?"

कव्हरवर पहिल्या बाजूची वेळ छापली होती, चोवीस मिनिटं. मी घड्याळ लावलं. अठ्ठावीस भरली.

वरची थाळी उचलली. ती ज्या दांडीवर फिरते तिच्याभोवती पांढरा थर घट्ट बसला होता. बोटाला लावून वास घेतला. खोबरेल.

"सर, यात तेल कोण घालतं?"

"मीच. दर दिवाळीला. मिसेस शिलाई मशीनला हेच घालायची."

खोबरेल थंडीत थिजतं. मग थाळी हळू फिरते आणि आवाज खाली उतरतो. दुःख तिथून येत होतं. सरांनी त्या दुःखावर वाचनालयात दोन व्याख्यानं दिली होती, म्हणून मी गप्प बसलो. दांडी साफ केली, मशीन ऑइल घातलं. अडखळणं सैल बेल्टमुळे होतं, तो बदलला. चोवीस मिनिटं, बरोब्बर.

"आत्ता कसं!" दत्तू म्हणाला. "वरात निघाल्यावानी वाटतंय राव."

सरांनी पैसे दिले आणि प्लेअर उचलला.

आठवड्याने फोन आला. "तुम्ही बिघडवलंत."

"सर, आता ते बरोबर वाजतंय."

"असेल. पण पावणेआठलाच संपतं."

"मग सव्वासहाला लावा."

"आणि सहाला काय करू?"

याला माझ्याकडे पार्ट नव्हता.

रविवारी संध्याकाळी जुन्नरला सरांच्या घरी गेलो. खोलीत दोन खुर्च्या, एकीवर घडी घातलेली शाल. सरांनी मला तिसरी आणून दिली. सिंफनी पुन्हा संथ चालली होती. प्लेअरशेजारी खोबरेलची बाटली होती. मी तिच्याकडे बघितलं, सरांनी खिडकीकडे. आठपर्यंत बसलो.

तेव्हापासून गिऱ्हाईकाने बिघाड सांगितला, की तो किती काढायचा तेही विचारतो.

खोबरेल चोवीस अंशांखाली थिजतं. जुन्नरला त्या संध्याकाळी चौदा होतं.