मापाचं व्हायोलिन

अंगाच्या मापाचे कपडे शिवणारे गावोगावी असतात. अंगाच्या मापाचं व्हायोलिन करून देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो अहमदपुरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. मी त्यांना काका म्हणायची. मूळचे ते बैलगाड्या करणारे सुतार. एकदा जत्रेत आलेल्या ऑर्केस्ट्राचं व्हायोलिन पडून फुटलं आणि दुरुस्तीला त्यांच्याकडे आलं. काकांनी ते उघडलं, आत डोकावले, आणि त्यानंतर गाडीच्या चाकात त्यांचं मन कधी रमलं नाही. येईल त्याला सांगायचे, "एवढं मोठं पोट अन् आत काईच न्हाई. तरी बोलून राहिलं! आपल्या पुढाऱ्यावानी."

दुकानातलं व्हायोलिन म्हणजे त्यांच्या मते दुसऱ्याची चप्पल. गिऱ्हाईक आलं की शिंप्याची टेप काढून आधी त्याची मान मोजायची, मग खांदा, मग हात. झोपताना कोणत्या कुशीवर झोपता, दाढा किती शिल्लक आहेत, असले प्रश्नही असत. तहसील कचेरीतल्या एका कारकुनाला मान म्हणून जवळजवळ नव्हतीच. त्याच्यासाठी काकांनी भाकरीएवढं चपटं व्हायोलिन केलं. ते डासासारखं वाजायचं, पण हनुवटीखालून निसटत नव्हतं आणि कारकून खूश होता. देगलूरचा एक अडत व्यापारी मांडी घालून वाजवायचा, तेव्हा व्हायोलिनचं टोक त्याच्या पायावर टेकायचं. काकांनी त्या टोकाला पायाच्या अंगठ्यापुरती खोबण कोरली. व्यापाऱ्याने अंगठा आत घालून पाहिला आणि "बागुंदी, बागुंदी", म्हणजे तेलुगूत छान, छान, करत अर्धा तास उठलाच नाही. हदगावच्या मास्तरांना तंबाखूशिवाय सूर लागत नसे, म्हणून त्यांच्या हनुवटीच्या टेकणीत चुन्याची छोटी डबी बसवून दिली. शाळेच्या स्नेहसंमेलनात मास्तर रंगात येऊन वाकले, झाकण उघडलं आणि चुना प्रमुख पाहुण्यांच्या काळ्या जाकिटावर पडला. मास्तर तक्रार घेऊन आले, तर काका म्हणाले, "सरळ उभं राहून वाजवणाऱ्याचं माप दिलं होतं तुमी. वाकायचं हाय हे आधी सांगायचं की."

त्यांचे दोन नियम मात्र थट्टेचे नव्हते. एक, वरची फळी चिकटवताना सरस पातळच लावायचा. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की काहीतरी सुटणारच. मग सांधा सुटावा, फळी फाटू नये. "सुटलेलं चिकटतंय, फाटलेलं न्हाई." दुसरा नियम, प्रत्येक व्हायोलिनच्या आत सुतारी पेन्सिलीने वाजवणाऱ्याचं माप लिहायचं आणि मग फळी बंद करायची. स्वतःचं नाव कधी घातलं नाही. काय लिहिलंय ते कुणाला सांगितलंही नाही. कारकुनाने एकदा फारच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "साहेब, तुमच्या फायलीत काय लिवलंय ते मी इचारतो का?"

या सगळ्याला पाणी लागे, आणि तेव्हा पाणीच नव्हतं. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. टँकर दोन दिवसांनी यायचा, आला तर. व्हायोलिनच्या कडेच्या पट्ट्या भिजवून, तापलेल्या नळीवर दाबून वाकवाव्या लागतात. काकूंचा या धंद्याशी मुख्य संबंध तिथे येई. घागर मधे ठेवून दोघांची रोज जुंपायची आणि आम्ही भिंतीपलीकडून ऐकायचो.

"लोकं पाण्यापायी गाव सोडून राहिले, अन् हे लाकडाला आंघोळ घालून राहिले!"

"आंघोळ कुठं? पाय भिजवून राहिलो नुसते."

"माझे पाय कधी भिजले शेवटचे, इचारा!"

शेवटी एक तांब्या मंजूर व्हायचा. पट्ट्या काढून घेतल्या की ते पाणी शेळीपुढे जायचं. शेळी आधी भुसा फुंकून बाजूला करायची आणि मग प्यायची.

माझे वडील आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत व्हायोलिन वाजवायचे. मलाही त्यांनीच शिकवलं. मॅट्रिकच्या वर्षी कडबा कापायच्या यंत्रात माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. तारा दाबतात त्या डाव्या हाताने, त्यामुळे विषय संपला होता. व्हायोलिन खुंटीला लागलं आणि मी वडिलांबरोबर रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी वाहायला जाऊ लागले. एका संध्याकाळी काका टेप घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"डावा हात दाखव."

मी दाखवला.

"आता उजवा. याच्यात किती हायत?"

"पाच."

"मग? उजव्यानं तारा दाब, डाव्यानं गज धर. गज धरायला तीन बोटं बास झाले. व्हायोलिन उलटं करून देतो."

सहा महिने लागले. काकूंकडून तांब्याने तांब्याने पाणी मिळवत त्यांनी उजव्या खांद्याचं व्हायोलिन केलं. खुंट्या उलट्या, तारा उलट्या, गजाची मूठ माझ्या तीन बोटांना पुरेल अशी जाड. मी शिकायला लागले. सूर कुठे आहेत ते डोक्याला ठाऊक होतं, हाताला सांगायचं होतं. पण काही केल्या त्याला आवाज फुटेना. बारीक तार सर्दी झाल्यासारखी बोलायची आणि जाड तार नुसती घुमायची. काका म्हणायचे, "नवं लाकूड हाय, बोलायला शिकून राहिलंय." मग म्हणाले, गजाला लावायची राळ चांगली नाही. मग म्हणाले, हवा कोरडी आहे. मला वाटायचं, खोट माझ्या हातात आहे आणि काका ते बोलत नाहीत एवढंच.

तेवढ्यात लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणून नवी कचेरी, नव्या शाळा. मुलींच्या एका शाळेत संगीत शिक्षिका हवी होती. मी अर्ज केला आणि मुलाखतीचं पत्र आलं. नोकरी मिळाली तर पगार, नाही तर खडीची पाटी, इतका तो सरळ मामला होता. आठ दिवस उरले तेव्हा वडिलांनी माझं व्हायोलिन उलटसुलट करून कानाशी धरलं, बोटाने वाजवून पाहिलं आणि भिंतीवरून हाक मारली, "दादा, आतला खांब कोणत्या बाजूला ठिवला?"

व्हायोलिनच्या पोटात बारीक तारेकडे एक छोटा खांब उभा असतो आणि जाड तारेखाली एक लांब पट्टी चिकटवलेली असते. तारांची अदलाबदल केली तर यांचीही करायला हवी. गावातल्या प्रत्येक माणसाचं खोडीसकट माप घेणारे काका माझं व्हायोलिन बाहेरून उलटं करून बसले होते आणि आतून सुलटंच ठेवलं होतं. शेकडो वेळा केलेल्या हाताने आपली सवय तेवढी मोडली नव्हती.

ते आले, व्हायोलिन काखेत घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, तीन महिने लाकडाला सर्दी झालीय म्हणून राहिलो. सर्दी मलाच झाली होती."

फळी उघडायला सुरी कोमट पाण्यात बुडवत सांध्यातून फिरवावी लागते, शिवाय सरस भिजवायला पाणी. टँकर तीन दिवस आला नव्हता. काका घागरीपाशी जाऊन नुसते उभे राहिले. त्या दिवशी भांडण ऐकू आलं नाही. काकूंनी तळाचं पाणी ओतून तांब्या भरला आणि त्यांच्या हातात दिला.

"घ्या. एक दिवस चहा न्हाई पेले तर मरत न्हाई मी. पर या बारीला पोटात बघून लावा."

पातळ सरस, म्हणून फळी न फाटता सुटली. मी बघायला वाकले तर काकांनी हाकललं. मी म्हटलं, "माझं काय लिवलंय, तेवढं तरी बघू द्या."

"नातेवाईकांनी ऑपरेशनच्या खोलीत थांबू नये," म्हणाले.

दुष्काळाचा एकच उपयोग मी पाहिला: सरस एका दिवसात खडखडीत वाळला. तारा चढवून गज फिरवला आणि बारीक तार स्वच्छ बोलली. काकू आतून म्हणाल्या, "आता कसं माणसावानी." मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, व्हायोलिन उलटं का धरलंय? मी म्हटलं, "हे असंच आहे, माझ्या मापाचं." आणि वाजवलं. एकोणतीस वर्षं त्या शाळेत मी मुलींना शिकवते आहे. माझ्या पहिल्या पगारातून काकूंना पाण्याचं पिंप घेऊन दिलं, त्याच्यावरही दोघं भांडली.

काका जाऊन आठ वर्षं झाली, काकू त्यांच्यामागोमाग गेल्या. यंदाचा उन्हाळा पुन्हा तसाच. लातुरात नळ कोरडे, आणि एका दुपारी पेटी उघडली तर व्हायोलिनचा सांधा एका बाजूने सुटलेला. फळी शाबूत होती. मी तांब्यात कोमट पाणी घेतलं, सुरी बुडवली आणि काकांना करताना पाहिलं होतं तशी सावकाश सगळीकडून फिरवली. फळी हातात आली.

आत पेन्सिलीचं अक्षर होतं, सुतारी, जाड, एकही रेघ पुसलेली नाही. "मान बारीक. खांदा उजवा. बोटं आठ. भरपूर हायत."

मी ते दोनदा वाचलं. मग सरस भिजवला आणि पातळच लावला. पुढे कधीतरी पुन्हा उघडावं लागेल.