माहेरचा शब्द

माझं माहेर नेवाशाचं. सगळा सपाट मुलूख. लग्न झालं आणि नवऱ्याच्या मास्तरकीपायी मी अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, थेट सह्याद्रीच्या कड्याखाली येऊन पडले. जर्मनीची लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, त्यामुळे दिवस मावळायच्या आत आमची जेवणं उरकत. त्याआधी, शाळा सुटली की, हे अंगणात वही घेऊन बसत. डोंगराचे शब्द जमवायचा त्यांना नाद लागला होता.

शब्द सांगायला गवत विकणारी एक बाई येई. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, नवरा वारलेला. भारा भिंतीला टेकवून ती पायरीवर बसे आणि हे विचारत, "कडा आणि धार यांत फरक काय?"

"कड्यावरनं एकाच अंगाला पडायचं, मास्तर. धारंवरनं दोन्ही अंगांला. आन् नाळ म्हंजे कड्याला पडलेली चीर. तिच्यातनं हात टेकत उतरता येतं."

मी आत भाकऱ्या थापत ऐके. दोन वर्षांत ह्यांनी मला मीठ कुठं ठेवलंय यापलीकडे फारसं काही विचारलं नव्हतं. तिला चहा द्यायचा झाला तर मी गूळ हात राखून घाली. एके दिवशी तिने सांगितलं, कड्याच्या मध्यावर सपाट पट्टा असतो, त्याला पदर म्हणतात. "किती चांगला शब्द आहे," हे म्हणाले, आणि माझी भाकरी तव्यावर करपली.

त्याच दिवशी जेवताना मी म्हटलं, "आमच्याकडे नदीच्या उभ्या काठाला उभाट म्हणतात."

असा शब्द नव्हता. तोंडाला आला तो बोलून गेले. ह्यांनी घास खाली ठेवला. "उभाट? पुन्हा सांग." मग वही मागितली आणि शब्दापुढे माझ्या माहेरच्या गावाचं नाव लिहिलं. नदी किती रुंद, काठ किती उंच, माती कसली, सगळं विचारलं. मी दोन दिवस हवेत होते.

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा ह्यांनी विचारलं, "इकडे उभाट म्हणतात का? हिच्या माहेरचा शब्द आहे."

मी दारात उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"आमी न्हाई म्हनत," ती म्हणाली. "पन नदीकडची मानसं म्हनत असतील."

तिने मला वाचवलं, याचाच मला जास्त राग आला. रात्रभर तळमळले. दुसऱ्या दिवशी गवत बघायचं निमित्त काढून तिच्याबरोबर वर गेले. कड्याच्या टोकाशी तिने माझं मनगट धरलं. "वाकू नका. खाली बसून बघायचं."

बसल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कळलं होतं ना?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"मास्तर लई खूश हुते." तिने गवताची एक काडी उपटली. "मला माझ्या मालकानं शिकवलं ह्ये समदं. त्यो गेल्यापासनं मला कुनी काय इचारत न्हाई. मास्तर इचारत्यात म्हनून मी येते."

घरी येऊन मी ह्यांना खरं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. उभाटवर एक आडवी रेघ मारली आणि वही मिटली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

माझी जळजळ त्याने गेली असं नाही. दुसऱ्या दिवशी भारा टेकवल्याचा आवाज आला आणि हातातली भाकरी मी जरा जोरातच थापली. पण मी चुलीपासून उठले, हात पुसले आणि पायरीवर तिच्या शेजारी जाऊन बसले. ह्यांनी तोंड उघडायच्या आत म्हटलं, "कपार कशाला म्हणायचं, ते मला सांगा."

ती माझ्याकडे वळून सांगू लागली. हे मान खाली घालून लिहीत राहिले.