एकाच कम्प्युटरवर दोन कप्पे

प्रतापनगरातल्या आमच्या घरात कुणाचं काही वेगळं ठेवायची पद्धतच नव्हती. चार्जर एक, कपाट एक, दादाचा आणि माझा कम्प्युटरही एकच. नोकरीसाठी एका कंपनीने मला चाचणी म्हणून प्रोग्राम लिहायला दिला, तेव्हा लागणारी सगळी पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोड, मी बिनधास्त सामाईक जागेत टाकली. त्यांनी दादाच्या प्रोग्रामला लागणाऱ्या एका जुन्या पॅकेजची आवृत्ती बदलली आणि तो प्रोग्राम बंद पडला. खाप्याजवळच्या आमच्या शेतात भावकीची एकच विहीर. पाण्याची पाळी कुणाची, याचे मेसेज दादाचा प्रोग्राम रोज सकाळी पाठवायचा. त्या दिवशी मेसेज गेलेच नाहीत. दोन काका एकाच वेळी मोटर सुरू करायला हजर, आणि फोनवर दादाचा उद्धार.

“न विचारता काहून टाकलं वं?” दादा कडाडला. “आता याच्यावर तुह्यं काहीच नाही टाकायचं!”

चूक माझीच होती, लाज वाटली. पण चार दिवसांत चाचणी पाठवायची होती, आणि ही नोकरी मला हवीच होती. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

शोधलं तर उपाय सापडला: व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. प्रत्येक प्रोग्रामला स्वतःचा कप्पा, त्याची पॅकेजेस त्यातच. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “एका घरात दोन चुली कशाले?”

“साखर अन् तिखट एका डब्यात ठेवते का तू?” मी विचारलं. ती हसली.

आधी दादाचा कप्पा केला. त्या पॅकेजची जुनी आवृत्ती कोणती, हे त्यालाही आठवेना. एकेक लावून पाहिली, चौथी चालली. सकाळी मेसेज गेले.

मग माझा कप्पा केला, आणि घाईत तो सुरू करायलाच विसरले. पॅकेजेस पुन्हा सामाईक जागेत! धावत दादाचा प्रोग्राम चालवून पाहिला. तो आपल्या कप्प्यात मजेत चालत होता. मी सगळं काढलं, माझा कप्पा सुरू केला आणि पुन्हा पहिल्यापासून बसवलं.

चौथ्या दिवशी प्रोग्राम पूर्ण झाला. पाठवण्याआधी शेवटचं एक पॅकेज माझ्या कप्प्यात टाकत होते, तर दादा मागे येऊन उभा.

“अजून टाकूनच राहिली? मले विचारलं काय?”

“विचारून नाही राहिली, दादा. सांगून राहिली,” मी म्हणाले आणि बटण दाबलं.