दोन बाजा, एक शेगडी

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, मुळशीत झालं. त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. भाताची झोडणी उरकली होती, थंडी पडायला लागली होती. आईनं डिंक, अळीव, खारीक सगळं माझ्यासाठी भरून ठेवलं असेल, या भरवशावर मी सासरहून आले. बघते तर बाळंतिणीच्या खोलीत वहिनी निजलेली. तिला नुकतीच मुलगी झाली होती. वहिनीची आई ती लहान असतानाच गेलेली. बाळंतपण करते म्हणालेल्या मावशीनं ऐन वेळी अंग काढून घेतलं होतं.

थोड्याच दिवसांत मला मुलगा झाला. माझी बाज तिच्या बाजेशेजारी पडली.

खोलीत शेगडी एकच होती. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा टाकून आई ती आधी वहिनीच्या बाजेखाली सरकवायची. धुरी विरत आली की मग माझ्याकडे. चोळायला घ्यायची तीही वहिनीलाच आधी. माझी पाठ येईस्तोवर तेल कोमट व्हायचं. अळिवाच्या खिरीत तिला तूप जास्त पडतं, हे मी पडल्यापडल्या बघत होते.

एके दिवशी आई कुदळ घेऊन मागच्या डोंगरात गेली आणि शतावरीच्या मुळ्या घेऊन आली. त्या सोलल्या, ठेचल्या, दुधात आटवल्या आणि पेला वहिनीच्या हातात दिला. वहिनीला अंगावर दूध येत नव्हतं.

"आये, मला?"

"तुला कशाला? तुझ्या पोराला पुरून उरतंय की."

"लेक मी हाय का ती?"

"तू लेक हायेस म्हणून भांडतीयास. ती बिचारी कुनाशी भांडंल?"

मी भिंतीकडे तोंड केलं. मला तिची दया आली नाही. माझी आई तिनं घेतली, एवढंच डोक्यात होतं.

एका दुपारी आई ओढ्यावर धुणं घेऊन गेली होती. वहिनीची मुलगी रडून रडून लालबुंद झाली. वहिनीनं पुन्हा पुन्हा छातीशी धरलं, पण ती तोंड फिरवायची.

"द्या हिकडं," मी म्हणाले.

वहिनीनं जरा वेळ लावला, मग दिली. मुलगी अशी तुटून पडली की घोटांचा आवाज यायला लागला. मला फार बरं वाटलं. मान वर केली तर वहिनी बघत होती. ती नजर मी लगेच ओळखली; इतके दिवस तिच्या वाटीकडे मी तशीच बघत होते.

"वन्सं, पुरं आता. द्या तिला."

"पिऊ द्या की. भुकेली हाय."

तिनं पोर जवळजवळ ओढूनच घेतली. पोर पुन्हा रडायला लागली. आई आली, तिनं सगळं बघितलं आणि मुलगी माझ्या मांडीवर ठेवली. पुढं रोजच ठेवायला लागली. आता भिंतीकडे तोंड करायची पाळी वहिनीची होती. चोळताना ती आईला म्हणायची, "आधी वन्सांना चोळा."

मग एका सकाळी तिची चोळी ओली झाली.

"आत्याबाई, आलं!" ती हसत ओरडली. आईनं तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. त्या दिवसापासून मुलगी माझ्याकडे आली नाही. ती रडली की माझा पान्हा फुटायचा, आणि वहिनी पदर ओढून पाठ करून बसायची. माझा मुलगा कुशीत असूनही त्या पाठीचा मला राग यायचा.

ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. आम्ही दोघी एकाच वेळी माहेरी आलो की ती माझ्याजवळ येऊन बसते, गप्पा मारते. वहिनी स्वयंपाकघरातून तिला हाक मारते, काहीतरी काम सांगते. मीही तिला लगेच उठू देत नाही.