काकांची शेवटची तीन अक्षरं

मंडळी, दुपारपासून हे कुणाला तरी सांगायचं होतं.

जुळे सोलापुरातल्या माझ्या काकांना हॅम रेडिओचा, म्हणजे घरच्या बिनतारी संचावरून दूरच्या लोकांशी बोलायचा छंद. काही महिन्यांपूर्वी पक्षाघातानं त्यांची वाचा गेली, उजवा हातही गेला. डाव्या हातानं लिहिता येईना.

आज अकलूजहून त्यांचे रेडिओवरचे मित्र शिंदे भेटायला आले. त्यांनी टकटक करून एकेक अक्षर पाठवायची काकांची मोर्स संदेशाची कळ कपाटातून काढली आणि त्यांच्या डाव्या हाताखाली सरकवली. काकांनी हळूहळू टकटक केली.

“काय म्हणाले?” काकूंनी विचारलं.

शिंदे म्हणाले, “रेडिओवर नावाऐवजी वापरायची स्वतःची ओळख-अक्षरं सांगितली की. सुरुवातीचं व्ही यू म्हणजे भारत. शेवटची तीन अक्षरं सरकार देतंय, त्याला काय अर्थ नसतोय.”

काकू हिरमुसल्या. “मला तर म्हणाले होते, तुझ्या नावातली अक्षरं सरकारकडून मागून घेतली.”

कळ पुन्हा वाजू लागली. शिंदे ऐकत राहिले.

“वहिनी, माझंच चुकलं. म्हणतायत, खरंच मागून घेतली.”

काकूंनी काकांचा हात धरला आणि रडू लागल्या. काकाही रडले.

इतके महिने आम्ही त्यांना नुसतं “बोला, बोला” म्हणत होतो. कळ कपाटातच होती.

तुमच्या घरातल्या अबोल झालेल्या माणसाशी तुम्ही कसं बोलता? सांगा की.