भिंगाची कड

नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, घड्याळांच्या दुकानाला आता कुलूप लागणार. बाईने त्याच्याच किल्लीने कुलूप काढलं, त्याच्याच स्टुलावर बसली आणि त्याचंच काळं भिंग उजव्या डोळ्याच्या खोबणीत अडकवलं. भिंग त्याच्या रुंद तोंडाच्या मापाचं. ते पडू नये म्हणून हिला दिवसभर भुवई आवळून धरावी लागे.

म्हणून वरच्या पापणीत पिवळट गाठ आली तेव्हा चोर आधीच सापडलेला होता.

"गेला तरी टोचतोच आहे," ती म्हणाली आणि बारीक कानस घेऊन भिंगाची कड घासली.

गाठ हलेना. थोरली नणंद तिच्याजवळच राहायची. जीभ तिखट, पण हिच्यावर भारी जीव. ती म्हणाली, "अगं, रांजणवाडी आठ दिवसांची पाहुणी असते. ही तर घरजावई झाली."

गल्लीतल्या डॉक्टरांनी दोनदा गाठ कापली आणि न तपासता टाकून दिली. दोन्ही वेळा ती तिथेच परत उगवली. तेवढ्या जागचे पापणीचे केसही झडले. बाईने कड आणखी घासली. असं वर्ष गेलं.

कानापुढे वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा नणंदेने तिला ओढतच मोठ्या दवाखान्यात नेलं. पापणीचा तुकडा तपासून आला. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"कर्करोग आहे. पापणीतल्या तेलाच्या ग्रंथींचा. क्वचितच होतो, आणि रांजणवाडीसारखा दिसतो, म्हणून फसवतो."

"भिंगाने झाला?"

"नाही हो. भिंगाचा काही संबंध नाही."

 तिने कानापुढे बोट ठेवलं. "आणि हे?"

"तोच. इथवर पसरलाय. डोळा काढावा लागेल, ही गाठही. मग छाती तपासू."

"डावा राहील ना? माझं पोट डोळ्यावर आहे."

"डावा राहील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाकी कशाचं नाव त्यांनी घेतलं नाही.

दोन महिन्यांनी ती पुन्हा स्टुलावर बसली. उजवीकडे पट्टी. छातीच्या फोटोत दोन ठिपके निघाले होते. त्या कागदाची घडी खणात, स्क्रूच्या डबीखाली. डाव्या डोळ्याला तिने भिंग लावलं. घासून घासून कड इतकी झिजली होती की ते धरेचना. टक् करून टेबलावर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

"नवीन आण की," नणंद म्हणाली.

"नको वन्सं. वर्षभर याला उगाच बोल लावले. आता कुठल्या तोंडाने घालवू?"

नणंद उठली, मागे उभी राहिली आणि दोन बोटांनी भिंग तिच्या डोळ्याशी धरलं. बाईने चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग उचलली.

"हात हलवू नका वन्सं. उडाली तर सापडायची नाही."

"नाही हलवत," नणंद म्हणाली. दुसऱ्या हाताने तिने आपलंच मनगट घट्ट धरलं.