बालरथातले देश

शाळेच्या मिनीबसला आमच्या गोव्यात बालरथ म्हणतात. इब्रामपूर ते पेडणे अशा एका बालरथावर मी अटेंडंट आहे. संध्याकाळी सीटखाली झाडू मारला की पेन, डब्याची झाकणं, कधी एकच चप्पल सापडते. त्या वस्तू मी ज्याच्या त्याला परत देते. किस्से मात्र परत मागायला कोणी येत नाही, म्हणून ते माझ्याकडेच साठत गेले!

यंदाचे बहुतेक देशांचे आहेत. नववीच्या टीचरने चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एक देश दिला. माहिती गोळा करायची, चार्ट करायचा आणि हॉलमध्ये सगळ्यांसमोर बोलायचं. "कागद बघून वाचायचं नाही. जो बोलणार नाही, त्याला मार्क नाहीत!"

दुसऱ्या दिवसापासून आमचे ड्रायव्हर पुरसोभाऊ मुलांची नावंच विसरले. एका घरासमोर हॉर्न वाजवून ओरडले, "ब्राझील खंय गो?"

आतून आईचा आवाज आला, "ब्राझील अजून न्हाता!"

* * *

या सगळ्यात वैदेहीला जपान आला. पोरगी हुशार, पण चार माणसांसमोर उभी राहिली की गळा बंद. मागच्या वेळी विज्ञानाच्या प्रोजेक्टला ती नुसती उभी राहिली आणि रडत खाली उतरली. या वेळी मला म्हणाली, "मावशी, आता पण नाही जमलं तर मी परत कधीच स्टेजवर जाणार नाही."

मी रोज तिला मागच्या सीटवर बसवून सराव घ्यायचे. "म्हण, जपान हा..."

"जपान हा..." की संपलं! पेडणे आलं तरी जपान तिथेच.

* * *

इजिप्तवाल्या साईशने पुठ्ठ्यावर उकडे तांदूळ चिकटवून पिरॅमिड केला. सुंदर दिसत होता. सुकायला म्हणून अंगणात ठेवला आणि कोंबड्यांनी एक बाजू साफ टिपून खाल्ली!

मला वाटलं, पोरगं रडेल. पण टीचरने विचारल्यावर शांतपणे म्हणाला, "टीचर, हजारो वर्षांचा आहे. झिजणारच!"

* * *

कुवेतवाल्या मुलाचा मामा तिथेच हॉटेलात कामाला. मुलाने बसमधूनच फोन स्पीकरवर टाकला.

"मामा, तिथली प्रेक्षणीय स्थळं?"

"एअरपोर्ट. येताना बघितला."

"हवामान?"

"एसी."

"मुख्य भाषा?"

"मालवणी. किचनमध्ये सगळे वेंगुर्ल्याचेच आसत!"

पोराने तसंच लिहून नेलं.

* * *

स्वित्झर्लंडवाली मुलगी पाठ म्हणत होती, "या देशाला समुद्रकिनारा नाही."

पुरसोभाऊंनी गाडी हळू केली. "समुद्र नाय? मगे ताजी मासळी?"

"बाहेरून येत असेल, काका."

भाऊंनी हळहळत मान हलवली. मग म्हणाले, "बिचारे!"

पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून आणलेली सुक्या बांगड्यांची पुडी त्यांनी तिच्या हातात ठेवली. "चार्टाक लाव गो. तेंका बरां वाटतलां."

* * *

शेवटी तो दिवस आला. परीक्षक म्हणून दुसऱ्या शाळेच्या एक बाई आल्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, कपाळाला आठी, हातात लाल पेन. बालरथाला थांबायचंच होतं, म्हणून मी आणि पुरसोभाऊ हॉलच्या दारात उभे.

जपानची पाळी आली. वैदेही माइकसमोर गेली आणि उभीच राहिली. पुढच्या रांगेत हसू फुटलं. बाईंनी घड्याळ बघितलं. माझ्याने बघवेना. मी दारातूनच डोळे मिटून हात जोडले, "देवा, पोरीला सांभाळ रे!"

डोळे उघडले तर वैदेही माझ्या हातांकडेच बघत होती. तिचा आजो गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाकडे मागणं मागतो, प्रत्येक मागण्याला जमलेले लोक होकार देतात, आणि ही लहानपणापासून त्याच्या मागे उभी असते. तिने चार्ट खाली ठेवला, हात जोडले आणि आजोच्याच आवाजात, त्याच्याच ठरलेल्या शब्दांनी सुरू झाली,

"बा देवा, बारा-पाचाच्या म्हाराजा!"

आमच्या बालरथाची पोरं देवळातल्या सवयीने एका सुरात ओरडली, "व्हय म्हाराजा!"

"आज ह्या जपान देशाची राजधानी टोकियो, चलन येन, तुझ्या पायाकडे ठेवलेला आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता अख्खा हॉल.

"चारय बाजूक दर्या आसा. वरचेवर भूकंप होतत. ते थंयच्या थंय शांत कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"थंय म्हातारी माणसां वाढली, पोरां उणी जाली. तेंच्या घराघरांत पाळणो हालूं दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुरसोभाऊ माझ्या कानात ओरडले. टीचरने कपाळाला हात लावला होता.

"आणि माझ्या बोलण्यात काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, आणि मार्क कापू नको, म्हाराजा!"

या वेळचा सगळ्यात मोठा "व्हय म्हाराजा!" परीक्षकांच्या टेबलावरून आला. मी वळून बघितलं. बाई उभ्या होत्या, डोळे मिटलेले, जोडलेल्या हातांत लाल पेन, आणि चपला टेबलाखाली काढून ठेवलेल्या.